चवथीआधी पाइनची तक्तपोशी? जरा थांबा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: म्हापशाजवळच्या गावात आजोबांच्या वेळचं चिरेबंदी घर आहे. माडीवरच्या दोन खोल्यांची, एक १२ बाय १४ फूट आणि दुसरी १२ बाय १६, जुनी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, करकरते, दोन-तीन ठिकाणी फळ्या खचल्यात. ती काढून पाइनची नवी जमीन घालायची आणि जमलं तर खालच्या हॉलमध्येही लादीवरून तेच लाकूड न्यायचं. तुम्ही तीन दुकानं फिरलात. एक ‘ए ग्रेड’ म्हणतो, दुसरा ‘सिलेक्ट’, तिसरा ‘नॉटी, पण एक्स्पोर्ट क्वालिटी’. मेस्त, म्हणजे सुतार, म्हणतो, माल आणून द्या, चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी, उरकून देतो. यातलं घ्यावं कोणतं आणि बसवताना बघावं काय?

फोंड्याच्या बाजूला मी सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. ग्रेडबद्दल सांगतोच, पण आधी मेस्ताचं बघू, कारण तुमचे पैसे तिथे बुडणार आहेत. त्याला सांगा, चवथ होऊ दे, दिवाळीही होऊ दे. गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली नवी जमीन चमकली तर बरं दिसतं हे खरं, पण श्रावण-भाद्रपदात गोव्यात लाकडी जमीन घालणं म्हणजे भिजलेला कपडा मापून शिवायला घेणं. मेस्त लबाड आहे असं मी म्हणत नाही. सागवान आणि फणसावर हात बसलेल्या माणसाला पाइन किती हलतं याचा अंदाज नसतो, एवढंच.

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि परत सोडतं. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड साधारण १२ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १६ वर आणि ९० टक्क्यांत दिवसच्या दिवस राहिलं तर २० पर्यंत जातं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा कशी असते ते कपाटातल्या चपलांना विचारा. खिडक्या उघड्या असलेल्या घरात पावसाळ्यात मला ओलावा मोजायच्या मीटरवर १६ ते १८ दिसतं, जानेवारीत ११-१२. एसी रोज चालणाऱ्या खोलीत ते ९-१० वर येतं. आता हिशेब बघा. सपाट चिरलेली पाइनची फळी दर १ टक्का ओलाव्यामागे रुंदीत साधारण पाव टक्का फुगते किंवा आकसते. सागवान त्याहून बरंच कमी हलतं. ५ इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरची फळी ४ टक्के ओलावा चढल्यावर सव्वा मिलिमीटर फुगते. एका फळीत हे नजरेलाही येत नाही. बारा फुटांच्या खोलीत अशा एकोणतीस फळ्या बसतात आणि सगळ्यांची फुगवट मिळून ३६-३७ मिलिमीटर, जवळजवळ दीड इंच होते. या दीड इंचाला जागा द्यावी लागते. दिली नाही तर लाकूड स्वतः करून घेतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बरीच वर्षं झाली, नदीकाठच्या एका बंगल्यात एप्रिलमध्ये मी पाइनची जमीन घातली. माल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, खडखडीत कोरडा, मीटरवर ९. खोलीत एसी. मी खूश. एकेक फळी ठोकळ्याने ठोकून अशी बसवली की सांध्यात ब्लेड जाऊ नये. भिंतीला ८ मिलिमीटर मोकळं सोडलं, तेही मोठ्या मनाने. जूनमध्ये मालक बाहेरगावी गेले, एसी बंद, नदीवरचा वारा फटींतून आत. जुलैच्या शेवटी फोन आला, ‘पलंग डुलतो’. जाऊन बघतो तर खोलीच्या मधोमध जमीन तीन इंच वर आलेली, खालच्या रिपांतून खिळे उपटलेले आणि एका भिंतीचा गिलावा स्कर्टिंगपाशी फुटलेला. चौदा फुटांच्या खोलीत ९ वरून १५ वर गेलेल्या लाकडाला सव्वादोन-अडीच इंच जागा हवी होती, मी दोन्ही बाजूंची मिळून सोळा मिलिमीटर दिली होती. मालात काही खोट नव्हती, ग्रेड तर त्या गोदामातला सगळ्यात वरचा होता. जमीन माझ्या खर्चाने परत घातली.

म्हणून ग्रेडकडे या गोष्टीनंतर येतो. ग्रेड फळीचा चेहरा सांगतो: गाठी किती, केवढ्या, निळे डाग, राळेच्या चिरा, सालीची कड, कुठे फाट. त्यातही जमिनीच्या फळीची वरची बाजू बघून ग्रेड ठरतो, खालची बाजू डावी असली तरी चालते. घरात येईल त्या दिवशी फळीच्या पोटात किती पाणी असेल, हे ग्रेडच्या नावावरून कळत नाही.

दुसरी अडचण म्हणजे पाइन हे एक लाकूड नाही. दुकानात ज्याला पाइन म्हणतात ते अमेरिकेच्या दक्षिणेतलं पिवळं पाइन असू शकतं, न्यूझीलंडचं रेडिएटा, स्वीडन-फिनलंड-रशियाकडचं लाल पाइन किंवा हिमालयातलं चीड नाहीतर कैल. प्रत्येक देशाची ग्रेडची बाराखडी वेगळी. आयात मालाची मोठी वखार गुजरातमध्ये कांडला-गांधीधामला. तिथून हातोहात आपल्यापर्यंत येईतो मूळ ग्रेडचा कागद गळून पडतो आणि उरतो तो दुकानदाराचा ‘ए ग्रेड’.

या ‘ए’ची गंमत ऐका. उत्तर युरोपच्या १९९४च्या नियमांत ए म्हणजे चिरलेल्या लाकडाचा सगळ्यात वरचा वर्ग, मग बी, सी, डी. त्याआधीच्या पद्धतीत एक ते चार मिळून ‘अनसॉर्टेड’, त्यानंतर ‘फिफ्थ’ आणि ‘सिक्स्थ’. आपल्या बाजारात आजही फिफ्थ-सिक्स्थ हेच शब्द चालतात. अनसॉर्टेड ऐकून नाक मुरडू नका, तो निवड न केलेला माल नव्हे, वरचे चार वर्ग एकत्र बांधलेले असतात. न्यूझीलंडहून येणाऱ्या ओंडक्यांतही ए ग्रेड आहे, आणि के वगैरेही. पण तो ओंडक्याचा ग्रेड. किती जाड, किती लांब, गाठ केवढी, एवढंच तो सांगतो. तसा ओंडका गांधीधामला चिरला की त्यातून पॅकिंगची खोकीही निघतात आणि तुमची ‘ए ग्रेड’ जमीनही. त्यामुळे दुकानदार ‘ए’ म्हणाला की पहिला प्रश्न, कुठल्या देशाचा? दुसरा, ओंडक्याचा की फळीचा? दोन्हीची उत्तरं न अडखळता देणारा माणूस भेटला तर त्याच्याकडे चहा घ्यायला हरकत नाही.

अमेरिकन पिवळ्या पाइनची जमिनीच्या फळ्यांची वर्गवारी त्यातल्या त्यात सरळ आहे. वर ‘बी अँड बेटर’, जवळजवळ निर्मळ, क्वचित बारीक गाठ. मग ‘सी’, दोन्ही मिळून बांधलेला माल ‘सी अँड बेटर’. खाली ‘डी’, ज्यात गाठी आणि डाग दिसतात पण जमीन म्हणून नीट चालतो. त्याखाली ‘नंबर २’, गाठीच गाठी. ‘सिलेक्ट’ आणि ‘नॉटी’ या शब्दांना अमेरिकेतल्या काही वर्गवाऱ्यांत नेमका अर्थ आहे, आपल्या दुकानात मात्र ते विक्रीचे शब्द आहेत. ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ला कुठेच अर्थ नाही.

तुमच्यासारख्या घराला मी ‘बी अँड बेटर’ घ्या म्हणणार नाही. चिऱ्याच्या भिंती, नळ्यांचं छप्पर, त्यात एकही गाठ नसलेली जमीन सनमायकासारखी दिसते. ‘सी’ आणि ‘डी’च्या मधला माल बघा. फक्त गाठी कुठल्या ते ओळखा. जिवंत गाठ लालसर असते, आजूबाजूच्या रेषांत विणलेली, नखाने हलत नाही. मेलेली गाठ काळी, भोवती सालीचं कडं. ती सुकली की खुळखुळते आणि एक दिवस झाडूबरोबर जाते. फळीच्या जिभेवर किंवा खोबणीवर, म्हणजे शेजारची फळी अडकते त्या कडेच्या पट्टीवर किंवा चरावर, गाठ आली असेल तर तेवढा तुकडा कापा, ठोकताना तो हमखास तुटतो. झाडाच्या गाभ्याची बारीक तपकिरी रेघ फळीच्या मधून धावत असेल तर फळी परत. ती तिथेच चिरते. निळसर झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती बुरशीची असते आणि ताकद फारशी कमी करत नाही. पण ओंडका बराच वेळ ओला पडून होता हे त्यातून कळतं, म्हणून निळ्या मालाचा ओलावा दोनदा मोजा.

आणि शक्यतो फळीच्या टोकाकडून बघा. टोकाला वाढीची वलयं उभी दिसली तर ती उभ्या रेषांची फळी, रुंदीत जवळजवळ निम्मीच हलते आणि झिजतेही एकसारखी. वलयं कमानीसारखी आडवी असतील तर ती सपाट चिरलेली. बाजारात बहुतेक माल सपाटच असतो. पण गठ्ठ्यातून निवडू देत असतील तर उभ्या रेषांच्या फळ्या बाजूला काढा आणि दाराजवळ, जिन्याच्या तोंडाशी, जिथे वर्दळ जास्त, तिथे घाला. वलयं जवळजवळ असलेली फळी जड लागते. हातात दोन फळ्या घेऊन जड ती उचला.

कठीणपणाबद्दल एक भाबडी समजूत खोडून टाकतो, की जमीन म्हणजे जमीन, कुठलंही पाइन चालतं. लाकडाचा कठीणपणा जान्का चाचणीने मोजतात. ०.४४४ इंच व्यासाचा पोलादी गोळा निम्मा रुतवायला किती पौंड जोर लागतो, ते बघायचं. अमेरिकन रेड ओकला १२९० लागतो, सागवानाला हजाराच्या थोडा वर, पिवळ्या पाइनच्या लाँगलीफ जातीला ८७०, लॉबलॉली जातीला ६९०. रेडिएटा त्याच्याच आसपास. अमेरिकेच्या ईशान्येकडचं पांढरं पाइन अवघं ३८०. म्हणजे उंच टाचेची चप्पल किंवा खुर्चीचा पाय पाइनवर खूण सोडणारच. ज्यांना खुणा नकोत त्यांनी पाइन घेऊ नये, ग्रेड कितीही वरचा असो. मला स्वतःला दहा वर्षं वापरलेली पाइनची जमीन नव्यापेक्षा आवडते, पण हे मी गिऱ्हाईकाला आधीच सांगतो, नंतर नाही.

आता दुकानातली मोठी दिशाभूल. फळीवर किंवा बांधणीच्या पट्टीवर ‘एचटी’ (हीट ट्रीटेड) असा शिक्का दाखवून सांगतात, ‘बघा, भट्टीत सुकवलेलं आहे.’ तो शिक्का परदेशी व्यापारातल्या खोक्या-पॅलेटसाठीचा. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता ३० मिनिटं पोचवली, म्हणजे आतले किडे मेले, एवढंच त्यातून कळतं. अर्ध्या तासात लाकूड सुकत नाही. सुकवलेल्या मालाला ‘केडी’ (किल्न ड्राइड, भट्टीत सुकवलेला) म्हणतात, आणि तेही भट्टीतून निघाला त्या दिवसापुरतं खरं. नंतर तो पत्र्याच्या शेडमध्ये दोन पावसाळे काढून आला असेल तर ‘केडी’ला काय अर्थ? पाइनच्या बाबतीत भट्टीचा आणखी एक उपयोग आहे. ७० अंशांच्या वर तापवलं की आतली राळ बसते, नाहीतर उन्हाळ्यात गाठींतून ती पाझरत राहते आणि पाय चिकटतात.

म्हणून मीटर घेऊन जा. दोन सुयांचा साधा मीटर सुताराकडे नसेल तर विकत घ्या, ३६० चौरस फुटांच्या खर्चात तो काहीच नाही. टोकाला मोजू नका, टोक आधी सुकतं. फळीच्या मधोमध, रेषांच्या दिशेने सुया टोचा आणि एका गठ्ठ्यातल्या निदान दहा फळ्या बघा. मीटरवर विश्वास नसेल तर घरचा उपाय आहे, मी आजही करतो. फळीच्या मधून दोन बोटं रुंद तुकडा कापायचा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा, समजा ८६ ग्रॅम भरला. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवायचा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासा-दोन तासांनी तोलायचा. शेवटी ७४ वर थांबला, तर गेलं १२ ग्रॅम पाणी, ७४ च्या मानाने १६ टक्के. बायकोने ओव्हनमध्ये लाकूड बघून काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

किती हवं? इथे बरेच जण चुकतात. ‘जितकं कोरडं तितकं चांगलं’ हे गोव्यात खरं नाही, माझी नदीकाठची जमीन त्याच समजुतीने उचलली गेली. तुमच्या खोल्यांत एसी नाही, म्हणजे लाकूड वर्षभरात ११ ते १७ च्या मध्ये फिरणार. ते १२ ते १४ वर असताना बसवलं की दोन्हीकडे थोडंथोडं हलतं. माल दिवाळीनंतर आणा, त्याच माडीवरच्या खोलीत, फळ्यांच्या थरांमध्ये आडव्या रिपा घालून, हवा खेळेल असा रचा आणि तीन-चार आठवडे तसाच ठेवा. प्लास्टिक काढून. गठ्ठा तसाच बांधून कोपऱ्यात ठेवला तर महिनाभराने आतलं लाकूड होतं तसंच सापडेल. खिडक्या रोज उघडता तशाच उघडा. डिसेंबरात मेस्ताला बोलवा.

या मधल्या दिवसांत जुनी तक्तपोशी बघायची आहे, आणि तिथे माझं मत तुमच्या बेताच्या थोडं विरुद्ध जातं. तुमच्या आजोबांच्या घरात फळ्या फणसाच्या, माटाच्या, किंदळीच्या नाहीतर सागवानाच्या असणार. करकर म्हणजे फळी गेली असं नाही, बहुतेक वेळा खिळा सैल झालेला असतो किंवा तुळईच झिजलेली असते. एक फळी उचला, उलटी करा, रंधा मारा. खालून पिवळाधमक फणस निघाला तर तो काढून पाइन घालणारा माणूस मी तरी नाही. दोन्ही खोल्यांच्या चांगल्या फळ्या निवडून एक खोली पुरी होते का बघा. होत असेल तर ती जुन्याची करा आणि दुसरीत पाइन घाला.

फळ्यांआधी तुळया. चिरा पाणी पितो, आणि तुळईचं टोक चिऱ्याच्या भिंतीत गाडलेलं असतं. मधोमध तुळई ठणठणीत वाजते आणि टोक आत पिठासारखं झालेलं असतं. हातोडीने टोकापासून मध्यापर्यंत वाजवत जा, आवाज बद्द झाला तिथे थांबा. मग पेचकस टोचा. अर्धा इंच सहज गेला तर तुळई बदलायची किंवा तिला जोड द्यायचा, जमिनीचं नंतर बघू. भिंतीवरून मातीच्या बोटभर नळ्या वर चढल्या असतील तर वाळवी. वारुळाला आपण सातेरी म्हणून हात जोडतो ते देवळात, माडीवर नाही. खालून जमिनीपाशी औषध मारून घ्या, आणि तुळया, रिपा व नव्या फळ्यांची खालची बाजू यांना बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी पाजा. ते पाण्यात विरघळून निघून जातं म्हणून बाहेर उपयोगाचं नाही, घराच्या आत मात्र उत्तम. पाजल्यावर सुकायला वेळ द्या, नाहीतर सगळा हिशेब परत ओला. हिरवट झाक असलेलं दाबप्रक्रिया केलेलं पाइन कोणी जमिनीसाठी सुचवलं तर नको म्हणा. त्यात बहुधा तांबं-क्रोम-आर्सेनिक असतं, मुलं ज्यावर रांगतात तिथे ते कशाला?

खालच्या हॉलचं एका शब्दात उत्तर: नको. जुन्या घराच्या लादीखाली ओल अडवणारा थर बहुधा नसतो. खात्री हवी असेल तर आत्ताच, भर पावसात, दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक लादीवर चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि एक अख्खा दिवस सोडा. खाली थेंब जमले किंवा लादी काळवंडली की समजा जमीन घाम सोडते. ही चाचणी मार्चमध्ये करून ‘कोरडी आहे’ म्हणणारे कंत्राटदार मी पाहिलेत. लादी राहू दे, ती चांगली आहे.

माडीवर बसवताना. तुमच्या तुळया दोन-दोन फुटांवर असतील तर १९ मिलिमीटरची, म्हणजे बाजारातली साधी पाइनची फळी त्यावर झोपाळ्यासारखी वाकेल. १९ च्या फळीला खाली दर १२ ते १६ इंचांवर आधार हवा. एक तर तुळयांवर १८ मिलिमीटरचं बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारं, प्लायवूड घालून त्यावर जमीन करा, पण मग खालून वर बघितलं की प्लाय दिसेल. किंवा सव्वा इंच जाड फळी चिरून घ्या, खर्च वाढेल पण खालून तक्तपोशी तक्तपोशीसारखी दिसेल. मी दुसरं निवडेन. प्लाय घातलंत तर त्याचाही ओलावा मोजा. फळी ३ इंचांहून रुंद असेल तर फळी आणि खालच्या लाकडात २ टक्क्यांहून जास्त फरक नको. आणि १० फुटांच्या सरळ पट्टीखाली कुठेही ५ मिलिमीटरहून जास्त खळगा राहिला तर तो आधी भरा, नाहीतर नवी जमीनही करकरेल आणि दोष पाइनला जाईल.

माप घेताना एक ध्यानात ठेवा. ‘६ इंची’ म्हणून विकलेली फळी रंधून, जीभ-खोबणी काढून बसवल्यावर वर ५ इंचांच्या आसपासच दिसते. पैसे सहाचे, जमीन पाचाची. म्हणून चौरस फूट दिसणाऱ्या रुंदीवर काढा आणि वर दहा टक्के धरा.

फळ्या तुळयांना आडव्या जातात. जुन्या घराची एकही भिंत काटकोनात नसते, त्यामुळे भिंतीला चिकटून सुरुवात केली तर समोरच्या टोकाला पाचर निघते. ३-४-५ च्या मापाने गुण्या, म्हणजे काटकोन, धरा, सूत मारा आणि पहिली ओळ सुतावर बसवा. भिंतीपासून अर्धा इंच, १२ मिलिमीटर, चारी बाजूंनी मोकळं. तुकडे पाचर म्हणून लावा, शेवटी काढायला विसरू नका. मी एकदा विसरलोय. खिळा जिभेच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत, प्रत्येक तुळईवर एक, प्लायवर दर ८ ते १० इंचांवर. खिळे जस्त चढवलेले नाहीतर स्टेनलेस. समुद्र जवळ आहे, साधा खिळा गंजला की फळीवर काळा ओघळ येतो आणि तो पॉलिशखाली कायमचा राहतो. हातोडी थेट जिभेवर नको, जिभेवर बसेल अशा खोबणीचा ठोकळा मध्ये धरा. लगतच्या ओळींचे सांधे निदान आठ इंच मागेपुढे.

सपाट चिरलेल्या फळीत सालीकडची बाजू वर ठेवा, म्हणजे टोकाला बघितलं की कमानी वरच्या बाजूला फुगलेल्या दिसतील. उलट ठेवली तर काही वर्षांनी वलयांचे पापुद्रे सुटतात आणि अनवाणी पायात कुसळ जातं.

आणि ते दीड इंचाचं गणित. फळ्या पूर्ण घट्ट ठोकू नका. दोन फळ्यांच्या मध्ये हॅक्सॉचं जुनं पातं उभं धरा, ते साधारण ०.६५ मिलिमीटर जाड असतं. फळी त्याला टेकवा, खिळा मारा, पातं काढा. बारा फुटांत अठ्ठावीस सांधे, म्हणजे १८ मिलिमीटर तिथे मिळाले. भिंतींकडचे १२ अधिक १२, एकूण ४२. पावसाळा मागतो ३७. जानेवारीत फटीत बारीक रेघ दिसेल, जुलैत ती मिटेल. त्या रेघेत पुट्टी भरायचा मोह मेस्ताला होईल, करू देऊ नका. स्कर्टिंग भिंतीला ठोका, जमिनीला नाही, म्हणजे फळ्या त्याखाली सरकत राहतील.

घासणं लगेच नको, दोन आठवडे फळ्या बसू द्या. मशिनला ४० नंबरपासून ६०, ८०, १०० असं चढत जा, मधला नंबर गाळलात तर मऊ पाइनवर गोल ओरखडे उठतात आणि ते पॉलिशनंतरच दिसतात. गाठींवर मेणविरहित चपडा लाखेचा एक हात द्या, राळ वर येत नाही. मग पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात, मध्ये हलकी घासणी. फळ्यांच्या खालच्या बाजूलाही बसवण्याआधीच पातळ सीलरचा एक हात मारलेला असावा, नाहीतर वरून बंद आणि खालून उघडं लाकूड पावसात वाटीसारखं कडांनी वर येतं. तसं कधी झालंच तर लगेच मशिन लावून उंच कडा घासू नका. उन्हाळ्यात फळ्या पुन्हा सपाट होतील, आणि कडा घासल्या असतील तर मधोमध उंचवटे राहतील.

पाइन उजेडात वर्षभरात पिवळ्यावरून मधाच्या रंगावर येतं. सतरंजी एकाच जागी ठेवलीत तर खाली फिका चौकोन राहतो, तेव्हा पहिल्या वर्षी ती सरकवत राहा. पुसायला पिळलेला फडका, बादली ओतून नाही. उरलेल्या आठ-दहा फळ्या जळणात देऊ नका, त्याच माडीच्या माळ्यावर रिपांवर आडव्या ठेवा. पुढे कधी एक फळी बदलावी लागली तर तुमच्याच हवेत मुरलेली फळी हाताशी असेल.